बांझी पाती

फगुनीने टोपली कॅमेऱ्याखालच्या पाटीत रिकामी केली, कार्ड टेकवलं आणि नजर खाली घातली. यंत्राने पाती न्याहाळली. मग कर्ण्यातून जसिंताचा भरून ठेवलेला खणखणीत आवाज आला.

"फगुनी मुंडा. बांझी."

रांगेतल्या बायका पदराआड फिदीफिदी हसल्या.

"यंत्रालासुद्धा कळलं गं!" मंगरी म्हणाली.

कळी न धरलेल्या पातीला चहाच्या मळ्यात पूर्वापार बांझी, म्हणजे वांझच म्हणतात. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण शब्द पातीला लागायचा, बाईला नाही. फगुनीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू याच रांगेत उभी असे, दिवसातून तीनदा हे ऐके आणि घरी जाऊन दुसऱ्या सुनेचा विषय काढी. पाती तोलल्याशिवाय हजेरी लागत नाही, त्यामुळे फगुनीला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

रांगेच्या शेवटी जसिंता मेल्याहून मेल्यासारखी उभी होती. यंत्राला पाती ओळखायला तिनेच शिकवलं होतं. महिनाभर एकेक डहाळी कॅमेऱ्यापुढे धरून ती सांगत राहिली : कळीवाली, कडक, बांझी. आवाज स्वच्छ म्हणून तोच भरला, वर हजेरीपटातली नावंही वाचून घेतली. दोन्हींची अशी गाठ बांधतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. यंत्र बसवणारा इंजिनिअर भला माणूस, पण बंगळूरचा. तिने त्याला फोनही केला होता.

"शब्द चुकीचा आहे का?" त्याने विचारलं.

"चुकीचा नाही, साहेब."

"मग? हंगाम संपल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या तोलाआधी जसिंताने फगुनीला झाडाआड गाठलं.

"तुझी टोपली दे. माझी घे."

"कशाला, दीदी?"

"तुझ्या वाट्याच्या सतरा नंबरच्या तुकड्यातल्या त्या म्हाताऱ्या झाडांना कळी कुठून येणार? माझी पाती ओत तू. मला तीन पोरं आहेत, मला हसून हसून किती हसतील?"

फगुनीने टोपली खांद्यावरून उतरवली.

"फगुनी मुंडा. कळीवाली."

रांगेत कुणी हसलं नाही. सासूने मान वर केली. फगुनी पहिल्यांदाच ताठ उभी राहिली आणि जसिंताला मनापासून बरं वाटलं. मग तिने स्वतःचं कार्ड टेकवलं.

"जसिंता ओरांव. बांझी."

हशाचा नुसता फवारा उडाला.

"अगं बाई, यंत्र बिघडलं!" मंगरी ओरडली. "तीन पोरांची आई, आणि म्हणे बांझी!"

"तरीच!" सासू म्हणाली. "म्हणूनच मघाशी हिला कळीवाली म्हणालं."

यंत्रापाशी बसणारा तोलबाबूही पोट धरून हसला. त्याने तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. उद्या सकाळी पहिल्याच विमानाने निघतो, असं इंजिनिअर म्हणाला.

जसिंता फगुनीकडे बघायचं टाळत होती. फगुनीच जवळ आली.

"दीदी, माझ्या वेळी कुणालाच कसं बिघडलेलं वाटलं नाही?"

फगुनीने तिच्या हातातून आपली रिकामी टोपली काढून घेतली आणि सतरा नंबरच्या वाटेला लागली.