मांजराच्या चित्राखालचा पाव

पावातून रक्त आलं म्हणे, आणि सकाळी सकाळीच अख्खी गल्ली बेकरीच्या दारात लोटली.

"बघा, बघा! जीव अडकलाय हो त्यांचा!" शिंपीणबाई ओरडल्या. मागच्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी हात मात्र सगळ्यांचे जोडलेले. आत गेलेल्या बेकरीवाल्याच्या फोटोखाली ताटलीत एक पाव होता आणि त्यावर लालभडक ओले थेंब.

त्याची बायको, गल्लीच्या मावशी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याला जाऊन महिना होत आला, पण डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ते थेंब पाहिले आणि हुंदका फुटला. "आलात ना? मला ठाऊक होतं, तुम्ही असे जायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"आले, माई, आले!" हे मौनी महाराज. नाव मौनी, पण तोंडाला घटकाभर विसावा नाही. गेले चार दिवस रोज लोट्यातलं तीर्थ पावावर शिंपडायचं आणि बोलत सुटायचं. "आत्मा म्हणतोय, माझ्या भट्टीघरातली काडी इकडची तिकडे करू नका. भट्टी पेटवू नका, बरणी हलवू नका. आत्म्याला बदल सोसत नाही, माई! रविवारी इथं आमची गादी बसवा, तो कायमचा राहील." आत्म्याला राहायला किती जागा लागते कोण जाणे, महाराजांना मात्र दुकान आणि भट्टीघर दोन्ही लागणार होतं.

मावशींनी किल्ली द्यायचं कबूल केलं.

त्यांची मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती हातापाया पडली. "आई, निदान बरणी तरी उघडू दे. खमीर मरेल गं!"

खमीर म्हणजे त्या घराचा जीव की प्राण. रोजच्या मळलेल्या पिठातला एक गोळा बरणीत राखायचा, दुसऱ्या दिवशी नव्या पिठात मिसळायचा, त्यातला पुन्हा एक राखायचा. मावशींच्या सासूबाईंपासून हे चालत आलेलं. शेवटच्या आजारातही बेकरीवाला औषधाचं नाव काढायचा नाही, "त्याला खायला घातलंत का?" एवढंच विचारायचा.

"बरणीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," मावशी म्हणाल्या. मग मुलीने महाराजांकडे जाऊन बाटली पुढे केली. "मलाही थोडं तीर्थ द्या."

"आली! पोरगी मार्गावर आली!" महाराजांनी तिच्या बाटलीत सढळ हाताने तीर्थ ओतलं.

रविवारी पुन्हा तीच गर्दी. समोरच्या बेकरीचा मालकही मागे उभा होता. मावशींच्या नवऱ्याचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून लोक त्याच्याकडे टकमका बघत होते. मावशींनी किल्ली पुढे केली, तेवढ्यात मुलगी दोन झाकणाचे डबे घेऊन आली.

"एकाच पावाचे दोन तुकडे आहेत. हा बाबांच्या फोटोखाली होता. याच्यावर उकळून गार केलेलं पाणी शिंपडलं."

झाकण उघडलं. तुकडा पांढराशुभ्र.

"आत्मा रुसला!" महाराज गरजले.

"आणि याच्यावर तुमचं तीर्थ. हा याच्याखाली होता." तिने कॅलेंडरचं पान उलगडलं. टोपलीत बसलेलं गुबगुबीत मांजर. दुसरा डबा उघडला, तर तुकडा लालेलाल.

"अगंबाई! मग या मांजराचा जीव कशात अडकला म्हणायचा?" शिंपीणबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि लोक पोट धरून हसले.

"हे रक्त नाही," मुलगी म्हणाली. "एक जिवाणू असतो. ओल्या, उबदार पावावर वाढला की असा लाल रंग धरतो. लाल झालेल्या पावाचा अंश लोट्यात टाकायचा, ते पाणी नव्या पावावर शिंपडायचं. झाला चमत्कार!"

"विज्ञान जिथं संपतं ना, पोरी, तिथं..."

"तिथं तुमचा लोटा सुरू होतो," समोरचा बेकरीवाला म्हणाला.

महाराज आयुष्यात पहिल्यांदा मौनी झाले आणि चपला तिथेच टाकून पसार झाले.

सगळे हसले. मावशी नाही हसल्या. घरात येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "काय मिळवलंस? होते गं ते माझ्याजवळ. आज तू त्यांना पुन्हा पोचवून आलीस."

"माझेही बाबा होते ते, आई. त्यांचा डबा आधी एकटीने उघडला, तेव्हा सगळं माहीत असून वाटत होतं, एकदा, एकदाच लाल निघू दे."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या.

संध्याकाळी मावशींनी स्वतः बरणी उघडली. आत काळी बुरशी आणि कुबट वास. जपून ठेवायच्या नादात त्यांनी खमीर उपाशी मारलं होतं. आता नवऱ्याच्या हातचं काहीच उरलं नाही, म्हणून त्या रिकाम्या परातीपुढे बसून राहिल्या.

दाराशी समोरचा बेकरीवाला आला. हातात फडक्याने झाकलेलं पातेलं. "वहिनी, हे तुमचंच आहे. मागे माझं खमीर नासलं होतं, तेव्हा दादा गोळा देऊन गेले. म्हणाले, कुणाला बोलू नकोस, आपलं भांडण चालू राहू दे. तेव्हापासून रोज खायला घालतोय."

मावशींनी फडकं उचललं. तोच आंबूस वास, नवऱ्याच्या सदऱ्यांना यायचा तो. नकळत त्यांचे हात जोडायला उचलले गेले. क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी बाह्या वर करून तेच हात पातेल्यातल्या पिठात घातले.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. पाव न्यायला आलेल्या शिंपीणबाईंनी हळूच विचारलं, "मग काय हो, यात आहेत का ते?"

"नाहीत," मावशी म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पुसले नाहीत. "गेलेला माणूस परत येत नाही, बाई. पावात नाही की फोटोत नाही. त्यांनी दिलं, कुणीतरी रोज सांभाळलं, म्हणून हे राहिलं. रडू आलं की रडावं. पण आपल्या रडण्यावर कुणी गादी टाकून बसायला लागला, तर त्याचा चमत्कार आधी मांजराच्या चित्राखाली ठेवून बघावा."

मग त्यांनी परातीतला एक गोळा तोडून शिंपीणबाईंच्या हातावर ठेवला. "घेऊन जा. रोज खायला घाला हं."