अकरा चकत्यांची नळी

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मावशींच्या हातून अकरा चकत्यांची नळी उसवली.

मावशी जीवाश्मांच्या प्रयोगशाळेत वेचणीचं काम करत. चुनखडीचा दगड पातळ ॲसिडमध्ये विरघळवायचा, तळाशी उरलेला गाळ चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशाच्या टोकाने चकत्या उचलायच्या. मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाच्या, पन्नास कोटी वर्षांहून जुन्या. पसरट चकत्या डाव्या खणात, टोकदार उजव्या खणात. बावीस वर्षं हात हेच करत आला होता. त्या दिवशी डोळ्यांना जोड दिसेपर्यंत हाताने सवयीने अर्धी नळी दोन्ही खणांत वाटूनही टाकली. उरलेली थेंबभर पाण्यात सुटी झाली.

दिसलं होतं तेवढं मावशींनी पेन्सिलीने कागदावर काढलं आणि विभागप्रमुख बाईंसमोर ठेवलं. बाईंनी पंधरा वर्षं लिहिलं होतं, की या चकत्या गोगलगायीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या पाठीवरचे खवले असावेत.

"मावशी, डुलकी लागली होती का हो?"

"लागली असती तर ब्रश डोळ्यात गेला असता."

"चिकटल्या असतील. गाळात कुणीही कुणाला चिकटतं."

"चिकटलेलं मला कळतं, बाई. या एकमेकींच्या मापाच्या होत्या. नळी तळाशी निमुळती, वर तोंड उघडं. हा प्राणी सरपटत नव्हता, उभा होता."

"उभा असेल तर तो ब्रॅकिओपॉडच्या घराण्यातला निघतो. आणि माझे तीन लेख रद्दीत जातात."

"रद्दीवाला ओळखीचा आहे माझ्या."

बाईंना हसू आलं, पण कागद त्यांनी परत केला. "नुसत्या चित्रावर कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा कसा ठेवू?"

मावशी स्टुलावर येऊन बसल्या. भिंगाखालचा उजेड हळूहळू निळसर झाला. उथळ समुद्राच्या तळाशी नळ्या उभ्या होत्या, तोंडं वर करून, आतल्या मऊ कुंचल्याने पाणी विंचरत. पिढ्या सरत गेल्या तशी नळी बुटकी होत गेली, एकेक चकती कमी झाली. शेवटी दोनच उरल्या, प्राण्याच्या वर एक आणि खाली एक, सावकाश उघडणाऱ्या, मिटणाऱ्या. दिसायला शिंपला, पण शिंपल्याच्या झडपा डाव्या-उजव्या असतात. हा ब्रॅकिओपॉड होता.

मग त्यांची नजर भिंतीलगतच्या कपाटांवर गेली. बावीस वर्षांचे खण. त्यांतल्या किती चकत्या मुळात एकत्र होत्या आणि आपल्याच हाताने वेगळ्या केल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्याच दगडाचा दुसरा अर्धा तुकडा अजून शाबूत होता. बुधवारी सकाळी मावशींनी तो मागितला.

"ॲसिड निम्म्या ताकदीचं," बाई म्हणाल्या. "चाळणी नाही, ब्रश नाही. रोज फक्त बघायचं. आणि दोघींनी मिळून."

आज नववा दिवस. सकाळी अकराला दोघींनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं. दगडाच्या कडेला चार चकत्या उघड्या पडल्या आहेत. त्यांतल्या तीन एकमेकींत बसलेल्या आहेत, हे बाईंनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं. चौथी त्यांत बसली आहे की नुसती टेकली आहे, हे कळत नाही. तिची कड अजून दगडात आहे.