तिसऱ्यांदा आग्रह

बजरंगला क्रूझवरच्या नोकरीतून काढून टाकलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण पाथर्डीत त्याची आई रंगुबाई सगळ्यांना "पोरगं सुट्टीवर आलंय" असंच सांगते.

तर सुट्टीचा सातवा दिवस. कंपनीचा मेल आला होता: आठ दिवसांत समाधानकारक खुलासा दिल्यास फेरविचार होईल. तक्रार अशी, की केबिनी आवरणाऱ्या बजरंगनं टिप नाकारून प्रवाशांचा अपमान केला.

झालं होतं एवढंच. सफरीच्या शेवटच्या सकाळी एका गोऱ्या आजींनी पाकीट पुढं केलं. बजरंग घरच्या रीतीनं, इंग्रजीत का होईना, "नको नको, असू द्या" म्हणत दोन पावलं मागं सरला. आजींनी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि त्या उतरून गेल्या. असे एकूण सव्वीस प्रवासी.

"मंग घ्यायचं न्हाई का, येड्या?" रंगुबाई म्हणाली.

"तूच शिकवलंस. मामानं नोट काढली की पळायचं."

"उंबऱ्यापत्तुर पळायचं! मामा मागं येतोच की. तू समुद्रात कुटवर पळनार हुतास?"

बजरंगला वाईट वाटायला हवं होतं. आत मात्र रिकाम्या केबिनमध्ये एसी चालू राहावा, तसं नुसतं गार होतं. त्यानं चहा संपवला आणि मोबाईलवर खुलासा लिहिला:

"सबब, प्रवाशांनी टिप देताना किमान तीन वेळा आग्रह करावा व तिसऱ्यांदा पाकीट कर्मचाऱ्याच्या खिशात बळंच कोंबावे, असे लेखी आदेश मा. कप्तानसाहेबांनी तातडीने निर्गमित करावेत, ही नम्र विनंती."