लाल फडकं आणि दुधाची टाकी

मित्रांनो, मी आहे एक टाकी. जुनी, पोलादी, डाव्या कुशीत पोचा पडलेली. मला घडवलं तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हिच्यात तोंड बघून भांग पाडावा!"

तीस वर्षं मी दूध सांभाळलं. घरचे बाबा रोज पहाटे झाकण उचलून आधी वास घेत, मगच दूध ओतू देत. घासून धुतलं की माझ्या कडीला लाल फडकं बांधत. फडकं बांधलं म्हणजे टाकी रिकामी, स्वच्छ, तयार. माझ्या पोटात दूध एकदाही नासलं नाही. "टाकी नाही, लेक आहे माझी," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि खरी लेक तोंड फुगवून बसे.

मग बाबांचे गुडघे गेले, पाठोपाठ गाईही गेल्या. मी गोठ्यामागे पडले. माझ्यावर रिकामी पोती रचली, पोत्यांवर कोंबडी अंडी घालू लागली. शेवटी भंगारवाल्याला निरोप गेला.

नेमकी तेव्हाच खरी लेक जावयाला घेऊन आली.

"बाबा, टाकी मला द्या. बिअर करायचीय. इंडिया पेल एल म्हणतात, जरा कडू असते."

"दुधाच्या टाकीत बिअर? आणि तीही कडू? सरळ कारल्याचा रस काढ की!"

"एकदाच बाबा. बिघडली तर भंगारवाला आहेच."

"बरं. दोन आठवडे. मग मी मध्ये पडणार नाही."

माझं जगणं त्या एका घाण्यावर आलं, मित्रांनो.

लेकीनं मला कोपरापर्यंत हात घालून घासलं. जवाचं गोड पाणी उकळून, निववून ओतलं, यीस्ट सोडलं. आठवडाभर माझ्या पोटात नुसती गुडगुड. मग आली हॉपची फुलं, हिरवी, चिकट, कडवट वासाची. ती एकदाच टाकायची होती. जो टाकेल त्यानं कडीला लाल फडकं बांधायचं, असं लेकीनं ठरवलं. घरचीच रीत, फक्त अर्थ नवा. तो बाबांना सांगायचा मात्र राहून गेला.

सकाळी लेकीनं फुलं टाकली, फडकं बांधलं. दुपारी बाबा आले. "भरल्या टाकीला फडकं? कोण हा वेंधळा!" असं पुटपुटत त्यांनी ते सोडलं आणि खिशात कोंबलं. मी ओरडणार कशी? टाकीला तोंड असतं, जीभ नसते. संध्याकाळी जावयाला फडकं दिसलं नाही. फुलं टाकायची राहिली असं समजून त्यानं पिशवीत उरलेली सगळी ओतली.

"अहो, मी फडकं बांधलं होतं!"

"मग गेलं कुठे? कोंबडीनं नेलं?"

चार दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मी मनातल्या मनात भंगाराच्या गाडीत चढून बसले.

दोन आठवडे भरले. भंगारवाला दोर घेऊन दारात उभा. बाबांनी सवयीनं झाकण उचललं, नाक आत घातलं आणि तसेच राहिले.

"ओला चारा," ते हळूच म्हणाले. "पहाटे कापलेला. आणि शेजारी कुणीतरी संत्रं सोलतंय."

लेकीनं पेला भरला. बाबांनी दूध पारखावं तसा घोट तोंडात घोळवला. चेहरा आक्रसला.

"कडू आहे."

लेकीनं डोळे मिटले.

"थांब गं. कडू गेल्यावर मागून काहीतरी छान येतंय. अजून दे, नीट कळेना."

तीन वेळा त्यांना नीट कळलं नाही. मग मिशीवरचा फेस पुसायला त्यांनी खिशातून फडकं काढलं. लाल.

"बाबा!"

"अगं, भरल्या टाकीला होतं, म्हणून सोडलं मी. का, काय झालं?"

जावई आधी हसला, मग लेक, हसता हसता डोळे पुसत. "फडकं म्हणजे फुलं टाकली, बाबा! तुम्ही सोडलंत म्हणून दुप्पट पडलीत यात!"

"मग पुढच्या वेळीही दुप्पटच टाका," बाबा म्हणाले आणि भंगारवाल्याकडे वळले. "तू पोती घेऊन जा बाबा. लेक घरीच राहील."

मित्रांनो, ही चव मोठ्यांची, तुम्ही वासावरच भागवा. आता माझ्या कडीला दोन फडकी असतात. पांढरं म्हणजे धुतली, लाल म्हणजे फुलं पडली. दोन्हींचा अर्थ बाबांनी स्वतः भिंतीवर लिहिलाय. तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादी पोचे आलेली टाकी पडली असेल. दोर बांधण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून वास घ्या. आणि दुसऱ्यानं बांधलेलं फडकं सोडण्याआधी, हाक मारून विचारा.