दोन वितींचं अंतर

...चेंडू थांबला तो आडव्या पेल्याच्या तोंडापासून बरोबर दोन वितींवर. गालिच्याच्या फिकट पट्ट्यावर, पांढरा, अंगभर बारीक खळ्या, एका बाजूला जुन्या गवताचा हिरवट डाग. आणि त्याचा हात आपोआप खाली गेला, उचलायला. कंबर वाकलेली, बोटं पसरलेली, तसाच तो थबकला. चेंडू पेल्यात गेलेला नाही. मग उचलायला सांगितलं कुणी?

सांगितलं होतं. वीस वर्षं, दर रविवारी. त्याला गोल्फची गोडी लावणारे, धाकट्या बहिणीचे यजमान, हिरवळीवर चेंडू भोकाच्या एवढा जवळ आला की म्हणायचे, "राहू द्या हो दादा, दिला. उचला." दिला, म्हणजे पुढच्या फटक्यात गेला असं धरायचं आणि तो फटका मोजायचाच नाही. उसनी साखर घ्यावी तसा तो संकोचून घ्यायचा आणि पुढच्या भोकाशी भावोजींना परत करायचा.

"अहो, तो पेला हवाय मला," बायको दारातून म्हणाली. "खेळायचं सातासमुद्रापार, आणि सराव माझ्या पेल्यावर! गेला तरी का आत?"

"जवळ गेला."

"जवळ ठेवलेलं झाकण डब्याला बसतं वाटतं?"

ती पेला घेऊन गेली. ती हसत होती. तो मात्र तिथंच गालिच्यावर बसला.

आठ दिवसांनी भावोजींबरोबर निघायचं होतं. टेबलावर अर्ज पडला होता, समुद्रकाठच्या त्या जुन्या मैदानाचा. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, चोवीसच्या आत हवी. त्याहून कच्च्या माणसाला तिथं पाऊल ठेवता येत नाही. त्याच्या दाखल्यावर बावीस होते. पण ते सगळे 'दिलेले' चेंडू खरोखर मारले असते तर... सव्वीस? अठ्ठावीस? वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं त्यानं दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे नखानं खरवडून काढले होते. आणि इथं वीस वर्षं स्वतःच्याच पारड्याखाली... त्याला आपण सौजन्य म्हणत होतो.

त्या मैदानाचं चित्र असलेलं जुनं पुस्तक त्यानं पुन्हा उघडलं. ते चित्र त्यानं तिशीत पाहिलं होतं, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, उभ्या उभ्या, हातात गोल्फची काठी येण्याच्या कितीतरी आधी. ती जमीन कुणी आखलेली नव्हती. समुद्र मागे सरताना वाळू टाकून गेला, वाऱ्यानं तिच्या लाटा केल्या, लाटांवर आखूड चिवट गवत आलं. वारा चुकवायला मेंढ्या जिथं अंग चोरून बसल्या तिथं खळगे पडले, आणि तेच खळगे आज भल्याभल्यांचे चेंडू गिळतात, असं त्यात लिहिलं होतं. एक झाड नाही. नुसतं आभाळ आणि ते गवत, आणि वारा चित्रातसुद्धा दिसायचा. एवढ्या जुन्या, एवढ्या उघड्या जागेत मी कुठं उभा राहणार? आणि तेही खोट्या आकड्यावर?

दुपारी भावोजींनी क्लबवर बोलावलं होतं. वाऱ्याच्या खालून, जमिनीलगत चेंडू कसा मारायचा ते घोटायला. शेवटच्या भोकाकडे चालताना तो कसाबसा म्हणाला, "भावोजी, माझा आकडा खरा नाही. सेक्रेटरींना सांगून बदलून घ्यावा म्हणतो."

"घ्या! बत्तीस वर्षं दुकानदारांना छळलंत, आता स्वतःवर धाड?" भावोजी मोठ्यानं हसले. मग हसू ओसरलं. "आणि तिथल्या मैदानवाल्यांनी नाही म्हटलं तर? मी काय तिथं एकटा वाळू चाळत बसू? चाळीस वर्षं ते चित्र बघताय तुम्ही, दादा."

त्यानं काठी फिरवली. हिरवळीवर त्याचा चेंडू घरंगळत गेला, मंदावला, थांबला. दोन विती.

"दिला," भावोजी लगेच म्हणाले. "उचला."

हात निघाला होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरला, काठीवर आणून ठेवला.

"नको. खेळतो."

"अहो, एवढासा तर आहे!"

एवढासा... त्यानं खाली पाहिलं. वीस वर्षांत ही जागा त्यानं कधी पाहिलीच नव्हती. तिच्यावरून नुसता वाकत आला होता. डावीकडे किंचित उतार होता. गवताची पाती एका अंगाला कललेली, मध्ये वाळूचा एक कण चमकत होता, भोकाची कड एका ठिकाणी ढासळलेली. कुठूनसा वारा आला आणि पाती हलली, सगळी एकदम, चित्रातल्यासारखी. खिशात तो टेबलावरचा कोरा अर्ज होता, आणि त्यावर काय लिहायचं हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. चेंडू जाईल की नाही हेही. पण ती अफाट जमीन आता कुठं दूर समुद्रापलीकडे राहिली नव्हती. ती इथूनच, त्याच्या बुटांच्या टोकापासून सुरू होत होती... आणि तिच्यापुढे, काठी धरून, श्वास रोखून, तो उभा होता.