तोंड उघडा, कानही उघडा

मी दातांच्या दवाखान्यातला टेपरेकॉर्डर बोलतोय. इथे येणारी माणसं आ वासून पडलेली असतात, त्यामुळे बोलायची पाळी माझ्यावरच येते.

जन्म माझा कारखान्यातला, पण वळण लावलं ते डॉक्टरबाईंनी. कापसाच्या बरणीला खेटून त्यांनी मला जागा दिली. त्यांचा नियम एकच: जे गाणं सगळीकडे वाजतं, ते इथे वाजणार नाही. फारसं कुणी न ऐकलेल्या कलाकारांच्या कॅसेट त्या कुठून कुठून मिळवत. घरी सारंगी शिकवणारे एक मास्तर, अग्निशमन दलाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, जाझपायी वेडी झालेली गणिताची शिक्षिका. कुणाला आवडलंच, तर औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्यांखाली कलाकाराचं नाव लिहून देत.

एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा एकजण आला. दाढ ठणकत होती.

"बाई, काहीतरी ओळखीचं लावा ना. तेवढाच धीर."

"ओळखीचं तुम्हाला पाठच असेल, ते मनात म्हणा," असं म्हणून बाईंनी माझं बटण दाबलं.

दाढेचं काम चार खेपांचं होतं. पहिल्या खेपेला सारंगी ऐकून तो जाताना म्हणाला, "रडतेय की हसतेय, काही कळलं नाही बुवा." दुसऱ्या खेपेला क्लॅरिनेट. तोंडात कापसाचे बोळे, तरी याला राहवेना. "हा श्वाह कधी घेतो?"

तिसऱ्या खेपेला बाईंनी बिननावाची कॅसेट लावली. वरती फक्त लिहिलं होतं, 'शिवणखाना, जेवणाची सुट्टी'. एक बाई गात होती, मागे डबे वाजत होते. त्याने एकदम हात वर केला. बाईंनी दाढ कोरायचं यंत्र थांबवलं.

"दुखतंय?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "कोण ही?"

"माहीत नाही. एका पेशंटने दिली होती, तो गाव सोडून गेला."

"आणि तुम्ही शोधलं नाही?"

बाईंनी कॅसेटची डबी उलटसुलट करून पाहिली. इतकी वर्षं मीही ते गाणं वाजवत होतो, पण हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

त्याला मात्र चैन पडेना. लिफ्टच्या कामाने तो बिल्डिंगी पालथ्या घालायचाच. जिथे जाईल तिथे विचारत सुटला. चौथ्या खेपेला तो आला तो एका वयस्क बाईला घेऊन. त्यांच्या तोंडावर रुमाल. शिवणखान्यात काजं-बटणं करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. "ही मी? किती ठसक्यात गायचे हो!"

"मग सोडलंत का?" बाईंनी विचारलं.

मावशींनी रुमाल काढला. पुढचे चार दात नव्हते. "'स' म्हटला की शिट्टी वाजते. पोरी हसायला लागल्या. मग म्हटलं, जाऊ दे."

बाईंचा चेहरा खुलला. "अहो, एवढंच ना! हे तर माझंच काम." त्यांनी तिथल्या तिथे माप घेतलं.

नवे दात बसले. सुरुवातीला मावशी वैतागायच्या, "तोंडात पाहुणे आल्यासारखं वाटतंय." मग एका दुपारी, बाहेरच्या बाकावर पाच-सहा पेशंट बसलेले असताना, त्यांनी सूर लावला. आवाज कॅसेटमधला राहिला नव्हता. खाली उतरला होता, खरखरीत झाला होता. एका ओळीवर तो फाटला आणि त्या थांबल्या. आता उठून जातात की काय, असं मला वाटलं.

लिफ्टवाला हळूच म्हणाला, "मावशी, पुढे काय आहे?"

"पुढचं आठवत नाही रे." मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "थांब, बघू काय येतंय." आणि त्यांनी नवीनच ओळ धरली.

आता माझा पट्टा सैल झालाय, सुटे भाग मिळत नाहीत. बाई फोनवर गाणी लावतात. माझी तक्रार नाही. विनंती मात्र आहे. एखादा अनोळखी आवाज आवडला, तर नुसतं ऐकून सोडू नका. कुणाचा आहे, विचारा.

मावशी दर गुरुवारी दुपारी गायला येतात. परवा एक गृहस्थ दारातच घुटमळत होते. "माझे दात चांगले आहेत. नुसतं बसलं तर चालेल?"

"बसा की," बाई म्हणाल्या आणि बाकावरच्यांना सरकायला सांगितलं.