राजसबाईचा आवाज माझ्या पोटात

मी एक कॅसेट. साठ मिनिटांची, काळी. मद्रासच्या बर्मा बाजारात फळीवर उन्हात पडले होते, तिथून एकोजीनं मला उचललं. एकोजी म्हणजे नुंगंबाक्कमच्या एका कचेरीतला कारकून, आपलाच तंजावरकडचा मराठी माणूस. मनानं वाईट नव्हता हो. वाईट असता तर सांगायला सोपं गेलं असतं.

त्याच्या लेकीचं, गोदाचं लग्न होतं. त्यांच्यात लग्नात ऊंजल करतात, म्हणजे नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात. ती म्हणायला राजसबाई यायची. पण बोलावणं हळदकुंकवाचं लागायचं. आदल्या दिवशी येऊन विचारून घ्यायची, नवरीचं नाव काय, आजीचं काय, पणजीचं काय. दुसऱ्या दिवशी तीन पिढ्या गाण्यात ओवलेल्या! म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. निघताना ओटीत तांदूळ, नारळ, लुगडं. त्यावरच तिचं घर चालायचं. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला.

एकोजीनं झोपाळ्याखाली टेप ठेवला. तिला विचारलं नाही. तिचा आवाज माझ्यात शिरला तशी माझी फीत थरथरली.

मग बाया मागं लागल्या. "एकोजी, मला एक काढून दे." "मलापण. तांबरमच्या नणंदेला पाठवते." रविवार आला की दोन खणांच्या टेपमध्ये एकीकडे मी, दुसरीकडे कोरी. एक पैसा घेतला नाही त्यानं. म्हणायचा, "देवादिकांची गाणी. वाटली तर पुण्यच."

बायको म्हणाली, "राजसक्काला विचारा तरी."

"तिचं काय कमी झालं? गळा तिचा तिच्यापाशीच आहे ना!"

मलाही ते पटलं. इतक्या घरांत वाजतेय म्हणून मी फुगले होते.

पुढच्या लग्नसराईत राजसबाईच्या दारी कुणी हळदकुंकू घेऊन आलं नाही.

शेजारच्या गल्लीत सईबाईच्या कामाक्षीचं लग्न निघालं. राजसबाईला वाटलं, घाईत विसरले असतील. बोलावल्याशिवाय कधी उंबरा न ओलांडलेली बाई धुवट लुगडं नेसून गेली. सईबाईकडच्या नकलेची फीत गुंतली होती, म्हणून एकोजीनं मलाच तिथं लावलेलं. झोपाळ्यावर कामाक्षी, आणि माझ्यातून नाव येतंय गोदाचं, गोदाच्या आजीचं! कुणालाच त्याचं काही नाही. राजसबाईला राहवेना. पुढं होऊन तिनं कामाक्षीचं नाव घालून सूर लावला.

सईबाई धावत आली. "अक्का, गप्प बसा हो जरा. व्हिडिओ चाललाय. तुमचा आवाज टेपच्या मध्ये येतोय."

"माझाच आहे की गं तो."

"म्हणून तर म्हणते, दोन-दोन कशाला? जेवून जा हं!"

ती जेवली नाही.

दिवाळीआधी तिचा नवरा गेला. औषध केव्हाच थांबलं होतं. आता कुणाला तिची आठवण झाली असती तरी काय उपयोग? कुंकू पुसलेल्या बाईला ऊंजलला कोण बोलावतं? बाई अशुभ झाली. आवाज मात्र शुभच राहिला. मी मांडवामांडवातून वाजतच होते. ती तांबरमच्या एका मेसमध्ये इडलीचं पीठ वाटायला लागली.

वर्षानं गोदाला मूल झालं. एकोजी मला घेऊन मेसमध्ये गेला. माझी दुसरी बाजू कोरीच होती. "अक्का, पाळणे भरून द्या. तुमच्यामागं कोण म्हणणार? सगळ्यांना वाटीन, फुकट."

ती रगड्यापाशी बसली होती. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "लाव."

त्यानं बटण दाबलं. ती दगड फिरवत राहिली. एकोजी मध्येच कळवळला, "अक्का, म्हणा ना!" तिनं तांदूळ पुढं सारले. अर्धा तास ओला दगड घरघरला आणि तिचा श्वास वाजला. फीत संपून टक झालं तशी म्हणाली, "भरली? वाट जा."

पाळणे तिच्याबरोबरच गेले. तिला जाऊनही आता तीन वर्षं झाली.

मी एकोजीच्या ट्रंकेत असते. पहिली बाजू झिजलीय, गाणं मधूनच बुडतं. तरी कुणी ना कुणी मागायला येतंच. बायांनो, ऐका, नको कोण म्हणतंय? पण ज्या गळ्यातलं आहे, त्या घरी चूल पेटते का, एवढं तरी विचारत जा.

दुसरी बाजू, रगड्याच्या घरघरीची, अजून नव्यासारखी करकरीत आहे. तिची नक्कल कुणीच मागितली नाही.